रुमालाखालचा सौदा आणि मुलांचे गुण

बाजाराला कायद्याचे बंधन असावे हा विचार हिंदुस्थानात सर्वप्रथम अमलात आला तो वऱ्हाडात. १८८६ साली हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या हुकुमाने कारंजा येथे देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला. कृषिपणनाच्या पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट वऱ्हाडचा मान म्हणून नोंदलेली असते. हा मान कोणाच्या सोयीसाठी मिळाला हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना बिनभेसळीचा आणि परवडणाऱ्या दराचा कापूस हवा होता, म्हणून बाजाराला नियम आला. त्या बाजाराच्या समितीवर वजन होते ते व्यापाऱ्यांचे. ज्याच्या गाडीत कापूस होता त्या शेतकऱ्याला तिथे आवाज नव्हता. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण जगभर गाजली, पण ती कुऱ्हाड कोणाच्या पायावर पडत होती हे कपाशीच्या धुऱ्यावर उभे राहिल्याशिवाय कळत नव्हते.

देशातल्या अनेक बाजारांत त्या काळी, आणि नंतरही कित्येक वर्षे, भाव ठरविण्याची एक रीत होती. तिला हत्ता म्हणत. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटे दाबीत आणि भाव ठरवीत. ज्याचा माल तो समोर उभा राहून त्या रुमालाकडे पाहत राही. ही रीत मोडायला चळवळी कराव्या लागल्या, कायदे करावे लागले. उघडा लिलाव आला, काट्याला सरकारी मोहर आली, आणि १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने बाजार समितीवर उत्पादकांच्या प्रतिनिधींना बहुसंख्य जागा मिळाल्या. त्या समित्यांचे पुढे पुढाऱ्यांनी काय केले हा वेगळा विषय आहे. परंतु काटा तपासला गेला पाहिजे, भाव उघड्यावर बोलला गेला पाहिजे आणि ज्याचा माल त्याचे प्रतिनिधी समितीवर बसले पाहिजेत, ही तीन तत्त्वे या मातीने झगडून मिळविली आहेत.

हा इतिहास आज उगाळण्याचे कारण असे की आपल्या शाळांत, परीक्षांत आणि दूरदर्शनच्या पडद्यावर एक नवा काटा आला आहे. त्याचे नाव कृत्रिम बुद्धिमत्ता. या काट्याला मोहर नाही, त्याचा भाव रुमालाखाली ठरतो, आणि त्याच्या समितीवर ज्यांचे वजन केले जाते त्यांच्यापैकी कोणीही नाही. त्याला नियम हवा असे आता शासनकर्तेही म्हणू लागले आहेत. म्हणूनच समाजवाद्यांनी या वेळी सावध राहून विचारले पाहिजे की हा नियम कोणाला लावला जाणार आहे.

हजेरी कोणाच्या वहीत?

डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या शाळांनी विद्यार्थ्यांची हजेरी 'स्विफ्टचॅट' या खासगी ॲपमधील बॉटवर भरावी असा आदेश शिक्षण खात्याने दिला. त्यापाठोपाठ चाचण्यांचे गुणही त्याच मार्गाने मागविण्यात आले. ही माहिती पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे जाते. अशा केंद्रांचा हेतू सांगताना केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख आवर्जून केलेला आहे. यामागे 'स्टार्स' नावाचा प्रकल्प आहे. जागतिक बँकेचे ५० कोटी डॉलरचे साहाय्य मिळालेल्या या प्रकल्पात सहा राज्ये आहेत आणि महाराष्ट्र त्यांपैकी एक आहे.

हजेरी भरणारा बॉट स्वतः फार बुद्धिमान नाही, हे मान्य. पण बुद्धिमान यंत्राला जे खाद्य लागते ते याच वाटेने गोळा होते. जिनिंगला सरकी वेगळी काढण्याआधी कापूस वेचावा लागतो. तसा हा आपल्या मुलांचा कापूस वेचला जात आहे, आणि वेचणीची मजुरीही कोणी देत नाही. शिक्षकाने स्वतःचा मोबाइल वापरायचा, त्याचा रिचार्ज स्वतः भरायचा आणि वर्गातला वेळ त्यात घालवायचा.

मेळघाटाचे उदाहरण घ्या. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या अनेक गावांत मोबाइलची रेंज हीच एक दुर्मीळ वस्तू आहे. रेंज नसल्यामुळे न भरलेली हजेरी आणि मूल न आल्यामुळे न भरलेली हजेरी यांतला फरक गुरुजींना कळतो, पुण्यातल्या पडद्याला कळत नाही. पीक निघाल्यावर कोरकू कुटुंबे मजुरीसाठी डोंगर उतरतात आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. हे मूल गळाले नाही, पोटामागे गेले आहे, हे गावातला शिक्षक जाणतो. आकड्यांच्या तक्त्यात मात्र ते 'अनियमित' ठरते. पटसंख्येच्या आकड्यावर वाडी-वस्तीच्या शाळा गुंडाळून 'समूह शाळा' करण्याची भाषा याच शासनयंत्रणेने २०२३ साली केली होती, हे आपण विसरता कामा नये. वीसपेक्षा कमी पट असलेल्या अशा शाळा राज्यात चौदा हजारांवर आहेत. उद्या 'ही शाळा चालविणे परवडत नाही' असे यंत्रानेच सुचविले, तर मंत्री हात झटकून मोकळे होतील आणि गावाला भांडायला समोर माणूसच उरणार नाही.

मुलांची माहिती सुरक्षित आहे, असा निर्वाळा अधिकारी देतील. या निर्वाळ्याची किंमत काय, हे केंद्राच्या 'दीक्षा' या शैक्षणिक ॲपने दाखवून दिले आहे. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने २०२२ साली ४९ देशांतली १६४ शैक्षणिक उत्पादने तपासली आणि त्यांपैकी सुमारे ८९ टक्के उत्पादने मुलांच्या हक्कांना धोका पोचवणारी किंवा त्यांचा भंग करणारी असल्याचे सांगितले. मूल नेमके कोठे आहे हे टिपण्याची सोय 'दीक्षा'मध्ये असल्याचे त्याच तपासणीत दिसले. जानेवारी २०२३ मध्ये त्याच ॲपवरील दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती एका उघड्या सर्व्हरवर पडून असल्याचे प्रसिद्ध झाले. ही काही परक्या नफेखोर कंपनीची करणी नव्हती. हे सरकारी घर होते आणि त्याची कडी उघडी होती.

सूत्राचा न्याय

यंत्राला रागलोभ नसतो, ते जात-पैसा पाहत नाही, म्हणून त्याचा न्याय निष्पक्ष असतो, अशी भलामण केली जाते. भोळ्या माणसाला ती पटतेही, कारण माणसांच्या न्यायाचे आपल्याला आलेले अनुभव काही गोड नाहीत. परंतु इंग्लंडमध्ये २०२० साली काय घडले ते पाहावे. महामारीमुळे परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा तिथल्या परीक्षा नियामकाने एका गणिती सूत्राने बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हल परीक्षेच्या श्रेणी ठरविल्या. या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांना मोठे वजन होते. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली ओढल्या गेल्या. लहान तुकड्यांना सूत्रातून सवलत होती, आणि लहान तुकड्या परवडतात त्या श्रीमंतांच्या खासगी शाळांना. सरकारी शाळेतला हुशार मुलगा आपल्या शाळेच्या जुन्या निकालाखाली चिरडला गेला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि १७ ऑगस्टला, निकालानंतर चारच दिवसांत, सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले.

या सूत्रात गरिबांविरुद्ध एक अक्षरही लिहिलेले नव्हते. त्याने फक्त भूतकाळ मोजला आणि तोच भविष्य म्हणून परत केला. हेच सूत्र मेळघाटातल्या आश्रमशाळेला किंवा अकोल्यातल्या झोपडपट्टीतल्या मनपा शाळेला लावून पाहा. ज्या शाळेतून आजवर कोणी डॉक्टर झाले नाही त्या शाळेतल्या मुलीला यंत्र सांगेल की तुझ्याकडूनही ते होणार नाही. मनूच्या स्मृतीला आपण ज्या कारणासाठी नाकारले तेच कारण इथे आहे. जन्माने मिळालेल्या जागेवरून माणसाची पुढची जागा ठरविणे हा अन्याय आहे, मग तो श्लोकात लिहिलेला असो वा संगणकाच्या भाषेत.

आपल्या राज्याचा अनुभव वेगळ्या प्रकारचा, पण तितकाच बोधप्रद आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने पुरेशी तयारी न करता उत्तरपत्रिकांची संगणकाच्या पडद्यावरील तपासणी एका खासगी कंपनीच्या मदतीने सुरू केली. तिथे गुण माणूसच देत होता. यंत्र केवळ उत्तरपत्रिका त्याच्यासमोर आणत होते. तरीही १७ लाखांवर उत्तरपत्रिकांचा आणि ४७७ परीक्षांचा निकाल रखडला, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली, कित्येकांचे पुढचे प्रवेश बुडाले. ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कुलगुरू गेले, पण विद्यार्थ्यांचे वर्ष कोणी परत दिले नाही. मुंबईच्या विद्यार्थ्यामागे वृत्तपत्रे होती, न्यायालय जवळ होते. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांतल्या, एस. टी. पकडून अमरावतीला जाऊन पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्यावर अशी वेळ आली, आणि त्या वेळी गुण देणाराही माणूस नसून यंत्र असले, तर त्याने कोणाच्या दारात उभे राहायचे?

न थकणारा निवेदक

शाळेतून पडद्याकडे वळू. तो गावातला दुसरा शिक्षक आहे. २६ मे २०२४ रोजी दूरदर्शनच्या किसान वाहिनीने 'क्रिश' आणि 'भूमी' या नावांचे दोन यंत्रनिर्मित निवेदक पडद्यावर आणले. ते पन्नास भाषा बोलतील, आणि न थांबता, न थकता २४ तास, ३६५ दिवस बातम्या वाचू शकतील, असे सरकारने कौतुकाने जाहीर केले. न थकणाऱ्या कामगाराचे स्वप्न पाहणारा गिरणीमालक आपल्याला ठाऊक आहे. ते स्वप्न लोकांच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीने शेतकऱ्यांच्या नावाने साकारावे, ही मात्र नवलाची गोष्ट आहे. देशभरातल्या आकाशवाणी केंद्रांवर नैमित्तिक निवेदक वर्षानुवर्षे दर पाळीच्या मानधनावर राबत आहेत आणि सेवेत कायम करा म्हणून झगडत आहेत. त्यांना सरकारने दिलेले हे उत्तर समजायचे काय?

प्रश्न नोकऱ्यांपुरताही नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. औषधाचे प्रमाण, फवारणीची वेळ, तोंडावरचा रुमाल या गोष्टी वऱ्हाडात जिवाच्या गोष्टी आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातला शास्त्रज्ञ आकाशवाणीवर बोलतो तेव्हा त्याला नाव असते, पद असते, आणि त्याचा सल्ला चुकला तर शेतकरी त्याच्या कचेरीत जाऊन जाब विचारू शकतो. 'भूमी'ला कचेरी नाही. तिच्या तोंडी वाक्य कोणी घातले, कोणी तपासले, आणि ते चुकीचे निघाले तर कोणावर गुन्हा दाखल होणार, याचे उत्तर त्या हसऱ्या चेहऱ्यावर कोठेही लिहिलेले नसते. राज्य शासनानेही २०२५ साली शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे पाच वर्षांचे धोरण मंजूर करून ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. या पैशातून जे सल्लागार यंत्र उभे राहील त्याच्या प्रत्येक सल्ल्याखाली कोणाची सही असेल, हा आपला पहिला प्रश्न असला पाहिजे.

पडद्यावरचे दुसरे संकट आपण विधानसभा निवडणुकीत पाहिले. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाच्या आदल्या दिवशी सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातील म्हणून काही ध्वनिफिती पसरविण्यात आल्या आणि भारतीय जनता पक्षाने त्या आपल्या अधिकृत समाजमाध्यम खात्यावरून प्रसिद्ध केल्या. दोघांनीही ते आवाज आपले असल्याचे नाकारले, आणि तथ्य तपासणाऱ्यांना त्या फितींत कृत्रिम आवाजाच्या खुणा आढळल्या. तोवर मतदान उंबरठ्यावर आले होते. इथे प्रश्न या किंवा त्या पक्षाचा नाही. मतदाराच्या कानात शेवटच्या रात्री काय घातले जाते यावर ज्याची हुकमत, त्याच्या हाती उद्या मतपेटी असेल.

लेबल पुरे नाही

सरकार हातावर हात ठेवून बसले आहे असे नाही. फेब्रुवारी २०२६ पासून यंत्रनिर्मित चित्र-ध्वनीवर तशी खूण असली पाहिजे असा नियम आला आहे, आणि सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश येताच समाजमाध्यम कंपन्यांनी आक्षेपार्ह मजकूर तीन तासांत काढावा असे बंधन घातले आहे. खूण हवी हे आम्हाला मान्य आहे. पण तीन तासांत काढण्याचा हुकूम देणारा अधिकारी कोणाचा? १९७५ ची आणीबाणी भोगलेल्या चळवळीला हे सांगण्याची गरज नाही की असत्य रोखण्याच्या नावाने उचललेली कात्री प्रथम टीकेवर चालते. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले होते. सार्वजनिक याचा अर्थ सरकारी नव्हे, आणि कंपनीची तर नव्हेच.

मुलांच्या बाबतीत तर कायद्याने उफराटा न्याय केला आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. वाचायला हे उत्तम आहे. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना शिक्षणाच्या आणि सुरक्षिततेच्या कारणासाठी त्या मनाईतून सूट दिली, आणि संरक्षणाची मुख्य कलमे अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील असे ठरविले. याउलट त्याच कायद्यातली, माहिती अधिकारातला वैयक्तिक माहितीचा अपवाद अधिक रुंद करणारी दुरुस्ती ताबडतोब अमलात आली. मुलाचे संरक्षण दीड वर्षाने, आणि नागरिकाच्या प्रश्नाला अडसर मात्र त्याच क्षणी. शासनकर्त्यांना घाई कशाची आहे याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

याच महिन्यात केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि तूर्त वेगळ्या कायद्याची गरज नाही अशी भूमिका घेतली. नियमांनी नवनिर्मिती खुंटते, हा त्यामागचा युक्तिवाद. युरोपीय संघाने २०२४ साली कायदा केला. प्रवेश, गुणदान आणि परीक्षेतली पाळत करणारी यंत्रे त्याने उच्च धोक्याच्या वर्गात घातली, आणि शाळेत मुलांच्या चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आणली. युरोप काही समाजवादी झालेला नाही. भांडवलशाही देशांना जेवढे सुचते तेवढेही आपल्या 'विश्वगुरूं'ना सुचू नये, एवढेच दाखवायचे आहे. नवनिर्मितीचे म्हणाल, तर २०२२ साली २२ अब्ज डॉलर मूल्य सांगणारी बायजूज ही शिकवणीची कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायासनासमोर उभी होती. तिच्या महागड्या शिकवण्या कर्ज काढून विकत घेणारे पालक मध्यमवर्गातले आणि त्याहूनही खालचे होते. निर्बंध नसलेल्या नवनिर्मितीची किंमत कोण मोजतो हे त्यांना विचारावे.

'तुम्ही संगणकालाही विरोध केला होता'

आपल्याला हे ऐकवले जाईल, आणि त्याचे उत्तर शरमेने नव्हे, अभिमानाने दिले पाहिजे. कामगार चळवळीने यंत्राविषयी प्रश्न विचारले म्हणूनच १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँक व्यवस्थापन यांच्यात संगणकीकरणाचा करार झाला. यंत्र कोठे आणि किती यावे, हे मालकाच्या मर्जीवर न राहता टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बसून ठरले. बँकांत संगणक आला आणि देश बुडाला नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या हॉलिवूडच्या लेखकांनी १४८ दिवस आणि नटांनी ११८ दिवस संप करून हेच मिळविले: लेखकाचे श्रेय आणि मोबदला यंत्राच्या नावाखाली हिरावला जाणार नाही, नटाच्या चेहऱ्याची नक्कल त्याच्या संमतीवाचून आणि मोबदल्यावाचून वापरली जाणार नाही.

आपल्याकडे अरिजित सिंग यांनी २०२४ साली आणि आशा भोसले यांनी २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात जाऊन आपल्या आवाजाच्या कृत्रिम नकलेविरुद्ध मनाई मिळविली. त्यांचे अभिनंदन. पण मोझरीच्या यात्रेत खंजिरीवर भजन म्हणणारा, गावोगाव दंडार रंगविणारा कलावंत कोणत्या न्यायालयात जाणार? त्याचा आवाज, त्याची वऱ्हाडी बोली, त्याची लकब मोबाइलवरून टिपली जाते, यंत्राला शिकविली जाते, आणि उद्या तीच बोली एखाद्या बियाण्याच्या जाहिरातीतून त्यालाच ऐकविली जाते. न्यायालयात जाण्याची ऐपत हा हक्क मिळविण्याचा निकष असता कामा नये. म्हणून व्यक्तीच्या खटल्याऐवजी सर्वांसाठी कायदा हवा.

यंत्र मुळातच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. अंध विद्यार्थ्याला पुस्तक वाचून दाखविणारे, कोरकू मुलाला मराठी धड्यातला शब्द त्याच्या भाषेत समजावून देणारे, एकट्या शिक्षकाच्या चार इयत्तांच्या शाळेत सरावाची गणिते तयार करून देणारे यंत्र आम्हाला हवेच आहे. पण कोरकू भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि कोरकू आई-बापांकडे ग्राहक म्हणून पैसा नाही. कंपनी तिथे स्वतःहून कधीच पोचणार नाही. हे काम सार्वजनिक संस्थांनीच करायला हवे, आणि त्यासाठी शिक्षकाचे पद भरलेले हवे. ज्या खोलीत शिक्षक नाही त्या खोलीत ठेवलेले यंत्र शिकवीत नाही, रिकाम्या खुर्चीवर पांघरूण घालते.

मागायचे काय?

शिक्षण हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे. म्हणजे दिल्लीची वाट न पाहता महाराष्ट्र विधिमंडळ शाळा-विद्यापीठांपुरता कायदा करू शकते. प्रसारणाचा विषय केंद्राचा असला तरी राज्याच्या जाहिराती, राज्याचे करार आणि राज्याची सल्लागार यंत्रे ही राज्याच्याच अधिकारात आहेत. नागपूरच्या अधिवेशनावर मोर्चा न्यायचा तर हातात पुढील मागण्या हव्यात.

एक, काट्याला मोहर. शाळा, परीक्षा किंवा शेतकऱ्यांच्या सल्ल्यासाठी सरकारी पैशातून घेतलेले कोणतेही यंत्र स्वतंत्र सार्वजनिक तपासणीशिवाय वापरात येऊ नये. कापसाचा काटा ठरावीक मुदतीने वजनमापे खात्याकडून तपासून घेण्याची सक्ती असेल, तर मुलांच्या काट्यालाही असली पाहिजे. ही तपासणी अमरावती विद्यापीठ, अकोल्याचे कृषी विद्यापीठ आणि रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ यांच्याकडे सोपवावी. लीळाचरित्राशी नाते सांगणाऱ्या रिद्धपुरात लोकांच्या बोलीची कसोटी लागावी, याहून योग्य काय? वऱ्हाडी आणि कोरकू बोलणाऱ्या मुलांवर जे यंत्र खरे उतरत नाही ते वऱ्हाडात वापरू नये.

दोन, रुमाल बाजूला. कंपन्यांशी झालेला प्रत्येक करार, निवडीचे निकष आणि यंत्राच्या चुकांची नोंद मराठीत, शाळेच्या फलकावर आणि खात्याच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली पाहिजे. माहिती अधिकाराच्या चौथ्या कलमाने सरकारवर हे कर्तव्य आधीच टाकले आहे.

तीन, माणसाची सही. गुण, प्रवेश, शिष्यवृत्ती, शाळा बंद करणे, शिक्षकाची बदली यांपैकी कोणताही निर्णय नाव आणि पद असलेल्या अधिकाऱ्याच्या कारणासहित सहीवाचून वैध मानू नये, आणि त्यावर अपील जिल्ह्यातच ऐकले जावे.

चार, मुलांची माहिती मुलांची. तिच्यावर कोणत्याही कंपनीने आपले यंत्र पोसू नये. करार संपताच ती पुसली जावी.

पाच, पद कमी नाही. यंत्र आले म्हणून शिक्षकाचे किंवा निवेदकाचे एकही मंजूर पद कमी होणार नाही, असा करार शासनाने त्यांच्या संघटनांशी करावा.

सहा, खूण प्रथम सत्तेवर. सरकार, मंत्री आणि राजकीय पक्ष यांनी वापरलेल्या प्रत्येक यंत्रनिर्मित आवाज-चित्रावर अखंड दिसणारी खूण हवी, आणि निवडणूक काळात तक्रारीचा निर्णय सरकारी अधिकाऱ्याने न देता स्वतंत्र प्राधिकरणाने द्यावा.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यांत आपापल्या गावच्या समितीत एवढे तीन प्रश्न लेखी विचारावेत: आमच्या मुलांची कोणती माहिती कोणत्या ॲपवर जाते, ती कोणाच्या मालकीची आहे, आणि तिच्यावरून कोणता निर्णय घेतला जातो? उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. त्या अर्जाचे उत्तर ग्रामसभेत मोठ्याने वाचावे. शिक्षक संघटनांना बरोबर घ्यावे. शिक्षकांचे गाऱ्हाणे रिचार्जच्या पैशापुरते नाही, त्यांच्या वर्गावरच्या अधिकाराचे आहे, हे त्यांनाही पटवावे.

१८९७ साली वऱ्हाडला नियम मिळाला, पण तो मँचेस्टरच्या सोयीचा. त्याला शेतकऱ्याचा करून घ्यायला पुढे दोन पिढ्या खर्ची पडल्या. या वेळी सौदा कापसाचा नाही. रुमालाखालची बोटे आज आपल्या मुलांचे मोल ठरवीत आहेत, आणि तो रुमाल ओढून काढायला पुन्हा दोन पिढ्या थांबण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.